तीननंतर पाच

उंधियुंत तेल कमी पडलंय यावर प्रतिमा आणि निरुपमा या नणंद-भावजयींचं एकमत झालं, तेव्हा बाहेर पेपर वाचत बसलेल्या इंद्रनीलने चमकून मान वर केली. दिवाळीपासून आपली बायको आणि आपली बहीण एका मतावर आल्याचं त्याला आठवत नव्हतं. पीयूष मॅकवानशी लग्न करणार असं त्याच्या लेकीने, अवंतीने, दिवाळीच्या फराळाला सांगितलं, आणि तिची ही आत्या चकलीचा तुकडा ताटात टाकून पुण्याची गाडी पकडायला निघाली होती. आज ती बडोद्यातल्या अकोट्याच्या या घरात परत आली होती, ती केवळ वडिलांनी फोन केला म्हणून.

"साखरपुड्याला आलेय, संमती द्यायला नाही," असं तिने दारातच जाहीर केलं होतं.

"चपला आत काढा वन्सं, बाहेर कुत्रं पळवतं," प्रतिमा म्हणाली होती. एवढ्यावर स्वागत आटोपलं.

आता दोघी एका पातेल्यावर वाकल्या होत्या.

"पापडी ताजी आहे," निरुपमाने नाइलाजाने कबूल केलं. "खंडेराव मार्केटातून आणलीस?"

"मार्थाबांनी पाठवली. पीयूषची आजी हो. तिकडे पादरा तालुक्यात, गावी असतात. तुवेरीचे दाणेही त्यांच्याच शेतातले."

"हं. म्हणजे उंधियुंही त्यांचंच. आणि ते वाचन का काय, तेही त्यांचंच."

"अंगठीच्या आधी बायबलातला थोडा भाग वाचतात. बा वाचणार आहेत. दहा मिनिटांचं काम."

"आणि बाबा?"

प्रतिमाने पदराला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. खिडकीशी, उजेडात, दिनकरराव पारसनीस एक जाडजूड पुस्तक नाकाजवळ धरून बसले होते. पीयूषने त्यांना मराठी बायबलाची नवी, मोठ्या अक्षरातली आवृत्ती आणून दिली होती. बा गुजरातीतून वाचतील, तेव्हा आजोबांना मराठीत बरोबरीने वाचता यावं, एवढाच त्यात भाव. म्हातारा दोन दिवस ते पुस्तक सोडायला तयार नव्हता. प्रतिमाला त्याचं कौतुक वाटत होतं. धोका तिच्या लक्षात यायला हवा होता, कारण या घरात ती काही आज-काल आलेली नव्हती.

दिनकररावांची सगळी नोकरी पोथ्या जुळवण्यात गेली. एका पुराणाच्या गावोगावच्या प्रती घेऊन पाच-सहा जण टेबलाभोवती बसत. एकजण मोठ्याने वाची, बाकीचे आपापल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकत. ज्याच्या पुढ्यात वेगळं लिहिलेलं असे तो म्हणे, "भेद!" बाकीचे विचारत, "कुठे?" मग ते टिपून घ्यायचं आणि पुढे चालू लागायचं. नोकरी संपली, पण तो शब्द त्यांच्याबरोबर घरी राहायला आला. लहानपणी इंद्रनील आणि निरुपमा भांडून आले की दोघांच्या हकिगती अशाच समोरासमोर ठेवल्या जात. प्रतिमा नवी सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच पंगतीत सासूबाई माहेरच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या, मध्येच "भेद!" आणि पाठोपाठ "कुठे?" असा गलका उठला. तिला वाटलं, काहीतरी फुटलं. वर्षभरात तीही ओरडायला लागली होती.

*

चर्च सुटल्यावर मॅकवान मंडळी आली आणि दिवाणखाना भरून गेला. अवंती पीयूषच्या शेजारी बसली, पण तिचं सगळं लक्ष होणाऱ्या सासऱ्यांकडे होतं. इमानुएलभाई खुर्चीच्या कडेवर बसले होते. परक्या घरात माणूस बसतो तसे. त्यांची सारी नोकरी मराठी साहेबांच्या हाताखाली झालेली, त्यामुळे ते मराठी बोलत. भावना अनावर झाली की मात्र गुजराती. पीयूषची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं ते मार्थाबांनी.

त्या मार्थाबा मधोमध बसल्या. जुन्या साडीच्या कापडाने शिवलेलं आवरण घातलेलं त्यांचं बायबल मांडीवर होतं.

"बा, आज तो लग्ननी वात वांचो," इमानुएलभाई हळूच म्हणाले.

"लग्नमां वांचीश. आज आ ज," बा म्हणाल्या. लग्नातलं लग्नात, आज हीच. आणि त्यांनी पान काढलं.

पीयूष अवंतीच्या कानाशी कुजबुजला, "तळ्याची गोष्ट. घरात काही आनंदाचं असलं की ती हीच वाचते. पप्पा नापसंती दाखवतात, पण मनातून त्यांना हीच हवी असते."

बांचा आवाज वयाच्या मानाने स्वच्छ होता. जेरुसलेममधलं ते तळं, भोवतीच्या ओसऱ्या, त्यांत पडून असलेले आंधळे, लंगडे, लुळे. समोर आजोबांचं बोट मराठी ओळींवरून सरकत होतं. अवंतीला गंमत वाटली. या दोन म्हाताऱ्यांचं जमणार, असं तिने मनाशी म्हटलं. बा पुढे गेल्या. मधूनमधून एक देवदूत तळ्यात उतरे आणि पाणी हालवी. मग जो पहिला पाण्यात उतरेल तो बरा होई.

"भेद!"

आवाज खणखणीत होता आणि आजोबांचा होता.

"कुठे?" बाबांनी विचारलं, आईने विचारलं, आत्याने विचारलं आणि त्याच सुरात अवंतीनेही विचारलं. पुढे कितीतरी दिवस हे आठवलं की तिला लाज आणि हसू बरोबरच येत असे. तेव्हा मात्र फक्त घाम आला.

बांचं बोट ओळीवर होतं तिथेच राहिलं.

"शुं थयुं?" इमानुएलभाईंनी विचारलं.

"काही नाही, काही नाही," प्रतिमा घाईघाईने म्हणाली. "आमच्याकडे तसं म्हणायची पद्धत आहे."

"शेनी पद्धत?"

इंद्रनीलने खरं ते सांगून टाकलं, कारण त्याला दुसरं काही जमत नसे. "बा वाचतात ते बाबांच्या पुस्तकात नाहीये बहुतेक."

इमानुएलभाई उठले. त्यांचा डावा पाय थोडा ओढला जाई. एरवी ते कोणाच्या लक्षात येत नसे, आज आलं. दिनकररावांच्या हातातलं पुस्तक घेऊन त्यांनी पानावर नजर टाकली, परत टाकली.

"तीन," ते म्हणाले. "तीननंतर पाच. चोथुं वचन ज नथी." ते मुलाकडे वळले. "पीयूष, हे तू आणलं?"

पीयूषचा चेहरा पडला. "पप्पा, चांगल्या दुकानातून घेतलं. मला काय माहीत..."

"आधीच म्हटलं होतं मी," निरुपमा पुटपुटली. काय म्हटलं होतं हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं, पण अशा वेळी ते म्हणायची तिची सवय होती.

"थोडं थांबूया," इमानुएलभाई म्हणाले. "अंगठी नंतर. आधी हे."

अवंतीने पीयूषचा हात सगळ्यांदेखत घट्ट धरला. आता तिला कोणाची पर्वा नव्हती.

*

इमानुएलभाईंना राग आला होता असं सगळ्यांना वाटलं. त्यांना राग आला नव्हता. सात वर्षांचे असताना ते तापाने अंथरुणाला खिळले होते, पाय उचलत नव्हते, आणि आई रोज संध्याकाळी खाटेशी बसून हीच गोष्ट वाची. सगळा पावसाळा त्या पोराने देवदूताची वाट पाहिली होती. गावच्या तळ्यावर वारा आला की त्याला वाटे, आला. पुढे तो उठला, चालला, नोकरीला लागला; पण त्या दूताची आणि त्याची ओळख कायम राहिली. आज त्याच्या जागी कोरा कागद होता.

आणि त्याहून मोठी भीती दुसरी होती. ती त्यांनी महिनाभर कोणालाच सांगितली नव्हती. ती आता उभ्याउभ्या बाहेर पडली.

"साहेब, तुम्ही विद्वान लोक. मुलगी सोनं आहे, ते मी मानतो. पण उद्या माझी नातवंडं या घरात खेळणार. तुम्ही त्यांना सांगणार, दादाची, तुमच्या आजोबाची पोथी फाटकी आहे, यातून पानं गळतात. मग ती कशावर विश्वास ठेवणार? मला ते बोला."

दिनकररावांचे कान लाल झाले होते. ऐंशी पार केलेल्या माणसाने दुसऱ्याच्या प्रार्थनेत मध्येच ओरडावं! तोंडातून शब्द गेला तेव्हा ते या खोलीत नव्हतेच, त्या जुन्या टेबलाशी होते. पण आता माफी मागून भागण्यासारखं नव्हतं. माणसाने सरळ प्रश्न विचारला होता.

"इमानुएलभाई, ओरडलो ती चूक माझीच, तिची क्षमा मागतो," ते म्हणाले. "आता बसा. हे पान बघा. मला ग्रीक येत नाही. गोष्ट घडली की नाही हे मी सांगू शकत नाही. पण लिहिणाऱ्याने लबाडी केली की नाही, तेवढं मला कळतं. जन्मभर दुसरं काही केलं नाही. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचा."

इमानुएलभाईंनी चष्मा वर-खाली केला. पानाच्या तळाशी टीप होती: काही प्रतींत इथे पुढील मजकूर अधिक आहे. आणि मग दूत, पाणी, सगळं.

"म्हणजे आहे?"

"आहे. वर नाही, खाली आहे. सगळ्यात जुन्या प्रतींत ते सापडलं नसणार, म्हणून वर घेतलेलं नाही. पण यांनी पाचाला चार केलं का? नाही. जागा रिकामी ठेवली. चोराने काय केलं असतं? आकडे सरकवले असते. तीन, चार, पाच, सगळं नीट ओळीत. तुम्हाला-मला सात जन्मांत पत्ता लागला नसता. हे लोक स्वतःच्या घरातली भेग स्वतः पाहुण्याला दाखवतायत हो."

"पण मुळात ते आत आलं कसं?" हा प्रश्न इंद्रनीलचा.

"असं येतं. पुढे तो आजारी माणूस म्हणतो, पाणी हालतं तेव्हा मला आत सोडायला कोणी नाही. वाचणारा विचारणारच, पाणी हालतं कशाने? एखाद्या भल्या माणसाने समासात उत्तर लिहून ठेवलं असेल. पुढच्या नकलकाराला वाटलं, मागच्याचं राहून गेलेलं वाक्य दिसतंय. त्याने उचलून आत घेतलं. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. आमच्या पुराणांत असं पोत्याने सापडायचं."

निरुपमा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. बापाला असं बोलताना तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. आई गेल्यापासून ते 'जेवायला चला' म्हटलं की 'चला' एवढंच बोलत. आपण भांडायला म्हणून तोंड उघडतोय असं तिला वाटलं, पण बाहेर पडला तो अगदी खरा प्रश्न.

"पण बाबा, एक निघालं म्हणजे आणखी निघतील. मग ते बरोबर विचारतायत. विश्वास ठेवायचा कशावर?"

"निरू, आमच्याकडे एकदा एक ग्रंथ आला. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. एकच. त्यात एक भेद निघाला नाही. सगळे खूश, आणि मला धडकी भरली. चुकलं असेल तर विचारणार कोणाला? साक्षीदार एकच! ज्याच्या प्रती गावोगाव गेल्या, परक्या भाषांत गेल्या, त्यात भेद निघणारच. निघतात म्हणून तर मूळ हाती लागतं. सगळ्या गावांत फिरून सगळ्यांच्या पोथ्या बदलायला कोणाच्या बापाला जमणार आहे? मला विचारशील तर अशा पोथीवर मी जास्त भरवसा ठेवतो."

खोलीतलं वातावरण जरा सैल झालं. पीयूषने सुस्कारा सोडला. पण इमानुएलभाई पानाकडेच बघत होते, आणि त्यांनी विचारलं ते अगदी हळू आवाजात, सात वर्षांच्या पोराने विचारावं तसं.

"एटले मारो दूत खोटो?"

प्रतिमाने सासऱ्यांकडे पाहिलं. डोळ्यांनी ती विनवत होती: आता तरी गोड बोला. एक शब्द. कोणाचं काय जातंय? अवंतीचं सगळं त्या एका शब्दावर आहे.

दिनकररावांनी तिचे डोळे पाहिले. नातीचा धरलेला हातही पाहिला. "खोटा म्हणवत नाही मला," ते म्हणाले. "पण तो मागाहून आलेला असावा. तुम्ही विश्वासाने विचारलंत, तुम्हाला गोड वाटावं म्हणून मी वेगळं सांगणार नाही."

संपलं, असं प्रतिमाला वाटलं.

"इमानुएल, बेस," मार्थाबा म्हणाल्या.

इमानुएलभाई बसले. साठी ओलांडलेला माणूस, पण बसला.

बांनी अजून ओळीवरचं बोट काढलेलं नव्हतं. त्या सावकाश बोलल्या, गुजरातीतच, आणि सगळ्यांना कळलं. तू खाटेवर होतास तेव्हा मी रोज हे वाचत होते, तुला त्यातला दूत तेवढा लक्षात राहिला. पोरांना पंखवाला कोणी असला की तोच लक्षात राहतो. मी वाचत होते ते दुसऱ्याच्यासाठी.

"पाणी हाल्युं के ना हाल्युं," बा म्हणाल्या, "ए माणस पाणीमां गयो ज नहोतो. एने उठाड्यो कोणे?"

"ईसुए," इमानुएलभाई रविवारच्या शाळेतल्यासारखे म्हणाले.

"मग?" बा दिनकररावांकडे वळल्या. "भाई, तमारा पुस्तकमां ए लखेलुं छे के नहीं?"

दिनकररावांचं बोट पाचावरून खाली सरकलं. येशूने त्या माणसाला विचारलेला प्रश्न, त्याची तक्रार, आणि मग उठायला सांगणं. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, पुन्हा वाचलं, धंद्याच्या शिस्तीने एकही शब्द न सोडता.

"आहे, मार्थाबेन. तुमच्यात जसं असेल तसंच असणार."

"जोई लईए," बा म्हणाल्या. बघून घेऊ. "तुम्ही वाचा. हुं जोईश."

मग उरलेली गोष्ट दिनकररावांनी मराठीत वाचली आणि मार्थाबा आपल्या गुजराती ओळींवर बोट सरकवत राहिल्या. दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी तो शब्दही वापरला, आणि "कुठे?" असं विचारणाऱ्यांत इमानुएलभाईंचा आवाज सगळ्यात मोठा निघाला. स्वतःचा आवाज ऐकून ते आधी दचकले, मग हसायला लागले, आणि हसता हसता रुमाल शोधायला लागले. निरुपमाने आपला दिला.

"अंगठ्या!" तीच मग ओरडली. "का जेवणं झाल्यावर घालणार आहात? प्रतिमा, ताम्हण आण. पीयूष, सरळ बस. अवंती, तू त्याचा उजवा हात धरून बसलीयेस. त्याने अंगठी घालायची कशी?"

"वन्सं, संमती द्यायला आला नव्हतात ना?" प्रतिमा ताम्हण घेऊन येत म्हणाली.

"गप्प बस. उंधियुं करपत नाहीये ना ते बघ."

*

जेवताना इमानुएलभाई आपलं ताट उचलून दिनकररावांच्या शेजारी येऊन बसले. तिसरी पुरी संपल्यावर म्हणाले, "साहेब, एक मागायचं आहे."

"मागा ना."

"नातवंडं झाली की त्यांना हे पुस्तक वाचायला तुम्ही शिकवा."

"मी?" दिनकररावांचा घास हातातच राहिला. "मी तुमच्या धर्माचा नाही, इमानुएलभाई."

"ते मी सांगेन. कोणावर विश्वास ठेवायचा ते हुं कहीश, बा कहेशे. पण बोट ठेवून कसं वाचायचं, कुठे थांबायचं, आणि समोरचा रडवेला झाला तरी खोटं कसं नाही बोलायचं, ते तुम्ही शिकवा. मी मघाशी पाहिलं. तुमच्याहून चांगला मास्तर मला बडोद्यात मिळणार नाही."

"पप्पा, अजून लग्न व्हायचंय," पीयूष पलीकडून म्हणाला. अवंतीने मान खाली घालून श्रीखंडाची वाटी उगाचच पुसून काढली.

दिनकररावांनी ताटाकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते आणि बायको गेल्यापासून दोन वर्षं ते ऑपरेशन टाळत होते. आता वाचायचं काय आणि कोणासाठी, असं म्हणून त्यांनी इंद्रनीलला गप्प केलं होतं, प्रतिमाला रडवलं होतं. ताटातली पापडी आणि वांगं त्यांना धडपणे वेगळं दिसत नव्हतं.

"शिकवायचं म्हणजे आधी अक्षर दिसायला हवं," ते शेवटी म्हणाले. "प्रतिमा, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर आहे का गं अजून?"

प्रतिमा पुऱ्यांची परात घेऊन उभी होती. ती परात तिने सरळ मार्थाबांच्या मांडीवर ठेवली आणि फोन शोधायला धावली.

"अगं, आज रविवार आहे!" निरुपमा ओरडली.

"असू दे! उद्यापर्यंत यांचं मन बदललं म्हणजे?"

"नाही बदलणार," दिनकरराव म्हणाले.